बत्तीवाल्याची जागा

नोकरी करणाऱ्या माणसाच्या पोटात दोन गोष्टी साचत जातात. एक पित्त आणि दुसरे किस्से. पित्तावर सुंठ-साखर चालते. किश्शांवर औषध नाही, ते कुणाच्या तरी कानात ओतावेच लागतात. आमच्या कट्ट्यावरची मंडळी एकमेकांचे कान याच कामासाठी वापरतात.

परवा एकाचा मुलगा इंटरव्ह्यू देऊन आला. म्हणाला, "त्यांनी मला विचारलं, आमच्याकडून तुमच्या काय अपेक्षा आहेत!" सगळे चकित. काय जमाना आला, मालकच नोकराला विचारतो! मी म्हटलं, बाबांनो, हा प्रश्न भोर संस्थानातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही पाळण्यात असताना विचारला जात होता. मी शेजारच्या खुर्चीत बसून ऐकलेला आहे.

तेव्हा भाटघरला धरणाचं काम चाललं होतं. धरणाला दगड लागतो आणि दगड काही आपण होऊन चालत येत नाही. आसपासच्या टेकड्यांवर लहानमोठ्या ठेकेदारांच्या खाणी होत्या. त्यातल्या एका खाणीवर मी मस्टर-कारकून होतो. आमच्या ठेकेदारांना सगळे दादासाहेब म्हणत. स्वच्छ धोतर, काळा कोट, समोर पानाचं तबक. कधी कुणाला शिवी नाही, कधी आवाज चढवला नाही. असं वर्णन केलं की शेवटी 'माणूस वाईट नव्हता' म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही.

दादासाहेबांचे मेव्हणे मुंबईला एका साहेबाच्या कंपनीत होते. साहेब माणूस ठेवताना त्याला अपेक्षा विचारतो, हे त्यांनी दिवाळीत सांगितलं आणि दादासाहेबांना ते फार आवडलं. तेव्हापासून खाणीवर येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न.

पहिला बळी मीच. मॅट्रिकला इंग्रजीत गचकलेला, टोपी हातात धरून उभा.

"बापू, आमच्याकडून तुझी काय अपेक्षा आहे?"

मी खिडकीकडे पाहिलं. म्हटलं, "खुर्ची खिडकीपाशी मिळाली तर बरं. उजेड राहील."

"दिली!"

इतक्या पटकन मिळालं म्हणून मी खूश. दुसऱ्या दिवशी बसून पाहिलं तर खिडकी नेमकी खाणीच्या खड्ड्यावर उघडत होती. मग जे जे झालं ते मला चांगल्या उजेडात दिसलं.

* * *

खाणीवर माणसं पुष्कळ, पण एक जागा सारखी रिकामी व्हायची. बत्तीवाल्याची.

काम असं. कातळात ओळीनं भोकं पाडायची, दारू ठासायची, प्रत्येक भोकात एक वात सोडायची. मग रामजी मुकादम इशाऱ्यासाठी टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा बडवणार, सगळी माणसं बांधाआड जाणार आणि खड्ड्यात एकटा बत्तीवाला उरणार. विडीच्या निखाऱ्यानं त्यानं एकेक वात पेटवत जायचं, शेवटची पेटली की कातळात खोदलेल्या पायऱ्या चढून पळत सुटायचं. तोवर पहिली वात जळत दारूपर्यंत आलेली असायची.

वात विलायती. तिचं भेंडोळं दादासाहेबांच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला. रोज सकाळी पूजेला बसल्यासारखे ते खुर्चीत बसत, आपल्या हाताच्या दोन विती मोजत आणि सुपारीच्या अडकित्त्यानं वातीचा तुकडा कापून तबकात ठेवत. एक वीत भोकात, एक वीत बाहेर. त्यावर एक बोट जास्त नाही.

"जळून जाणारी वस्तू आहे," ते म्हणत. "ती काय लांब ठेवायची?"

नसरापूरचा धोंडिबा बत्तीवाल्याच्या जागेसाठी आला. विहिरींचे सुरुंग लावून मुरलेला माणूस, भुवया जळलेल्या. दादासाहेबांनी प्रश्न विचारला. 'अपेक्षा' म्हणजे काय हे रामजीनं त्याला समजावलं, "मालकाकडनं तुला काय पायजे, त्ये सांग."

धोंडिबानं तबकाकडे पाहिलं. "वात आनखी वीतभर पायजे."

"आणि?"

"आनखी काय न्हाई. तेवढीच."

दादासाहेब प्रसन्न हसले आणि माझ्याकडे वळले. "पाहिलंस बापू? गडी समाधानी आहे. विशेष काही अपेक्षा नाही!"

धोंडिबाला घेतला. वात दोनच विती राहिली. शिमग्याच्या आधी त्याचा डावा डोळा गेला आणि जागा रिकामी झाली.

* * *

नंतरचा उमेदवार आमच्या भोरातला, आमच्याच आळीतला. नाव नको, त्याची नातवंडं आता मोठ्या हुद्द्यावर आहेत. 'ब्लास्टिंगसाठी जबाबदार माणूस हवा' एवढंच त्यानं ऐकलं होतं. कोट, उपरणं, काखेत छत्री असा टांग्यातून उतरला.

त्याच्या अपेक्षा एकेक करून बाहेर आल्या. स्वतंत्र टेबल पाहिजे. एकादशीला सुट्टी. दुपारचा चहा. उन्हाचा त्रास होतो, तेव्हा साईटवर छत्री धरायला माणूस. शिवाय सोडताना सर्व्हिस सर्टिफिकेट.

दादासाहेब प्रत्येकाला मान डोलावत होते. "मंजूर. मंजूर. छत्री? अरे, छत्रीसुद्धा मंजूर!"

एवढं मागितल्यावर एवढं मिळतं? मग मी खिडकीवर का थांबलो?

शेवटी त्यानं विचारलं, "कामाची वेळ काय राहील?"

रामजी दारातून म्हणाला, "वात जळंस्तवर. म्होरं तुमचं तुमी बघा."

रामजीनं त्याला काठापर्यंत नेऊन खड्डा दाखवला. गृहस्थानं खाली पाहिलं, पायऱ्या पाहिल्या, कडेला वाळलेले डाग कसले ते विचारलं. रामजीनं सांगितलं. गृहस्थ तिथूनच भोरच्या रस्त्याला लागले. टांगा मागून गेला. छत्री तेवढी शेडमध्ये राहिली, ती पुढे दोन पावसाळे मी वापरली.

* * *

जागा रिकामी, काम अडलेलं. रामजी एकदा धीर करून म्हणाला, "मालक, वीतभर वात वाढवली तर मानूस टिकंल."

दादासाहेबांनी खरोखर विचार केला. दिवसभर केला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "रामजी, दोष वातीचा नाही. आपण पळणारा माणूसच निवडत नाही!"

झालं. त्या दिवसापासून इंटरव्ह्यूत धावण्याची परीक्षा आली. शेडच्या पायरीवर वातीचा दोन विती तुकडा पेटवायचा. उमेदवारानं खड्ड्याच्या तळातून निघायचं, पायऱ्या चढायच्या आणि वात विझायच्या आत शेडपुढच्या चिंचेच्या झाडाला हात लावायचा. दादासाहेब पान चघळत वातीकडे बघत बसत. सुट्टीत माणसं बघायला जमत, शिट्ट्या मारत. खरं सांगतो, मजा यायची. चांगले तरणे गडी पायऱ्यांवर गुडघे फोडून घेत आणि आम्ही हसत होतो.

एक जणच जिंकला. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीवरचा धनगर, धाकू. हडकुळा, पोटऱ्यांत नुसती दोरी. गुरं कड्याकडे गेली की त्यांच्या पुढे पळून त्यांना वळवणारा माणूस तो! आम्ही 'आला, आला' म्हणेपर्यंत चिंचेला हात लावून परत उभा. वात अजून बोटभर जळायची होती.

दादासाहेब उठून उभे राहिले. "वा! आता सांग, आमच्याकडून तुझी काय अपेक्षा?"

धाकू जरा लाजला. "मालक, मला काय झालं, तर घरी निरोप दिवसाउजेडी धाडा. आमची वाडी एका अंगाला हाय. घरात बाई येकलीच. रातच्याला कुनी हाक मारली तर ती घाबरंल."

मीही तेव्हा नवीन लग्न झालेला. मस्टरात त्याच्या नावापुढे मी वाडीचं नाव लिहून ठेवलं.

"शब्द दिला," दादासाहेब म्हणाले.

धाकूनं ती जागा सगळ्यांत जास्त दिवस चालवली. पळायचाच तसा. पण पावसाळी दिवसांत पायऱ्यांवर शेवाळ येतं आणि शेवाळाला कोण किती पळतं ते कळत नाही. मी खिडकीत होतो. उजेड चांगला होता.

दादासाहेब शब्दाचे पक्के. धाकू दुपारी गेला, वाडीवर पोचेतो अंधार पडला असता, म्हणून त्यांनी माणूस दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर धाडला.

* * *

त्यानंतर कुणी येईना. नसरापूरच्या बाजारात दवंडी दिली, तरी येईना. बाजारात बायका आमच्या खाणीचं नाव काढून पोरांना भीती घालतात, असं रामजी सांगत आला.

शेवटी विंझरकडचा एक म्हातारा आला. काठी टेकत.

"बाबा, तुम्हाला पळता येईल का?" दादासाहेबांनी अदबीनं विचारलं. वडीलधाऱ्यांशी ते नेहमी अदबीनंच बोलत.

"न्हाई. म्या पळनार न्हाई. वात पेटवीन, जमंल तेवढं चालीन. माजं काय ऱ्हायलंय आता?"

"मग अपेक्षा काय तुमची?"

म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. "येकच. माज्या मागं माज्या ल्योकाला हितं घ्यायचं न्हाई. त्यो यील, पाया पडंल, तरी घ्यायचं न्हाई. त्यो हितं यायचं म्हनतोय, म्हनून म्या आधी आलोय. जागा भरली म्हनून सांगा त्याला."

लोक आपल्या पोराला चिकटवा म्हणून मालकाच्या दारी खेटे घालतात. हा घेऊ नका म्हणून आला होता, स्वतःला त्या जागेत घालून. मला त्या म्हाताऱ्याच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. खरंच वाटलं.

दादासाहेब पुढे झुकले. चेहऱ्यावर तेच हसू.

"मुलगा केवढा आहे? पळायला कसा आहे?"

म्हातारा वळला आणि काठी टेकत टेकत रस्त्याला लागला. रामजी वळणापर्यंत त्याच्याबरोबर गेला.

* * *

आणि मग ती बाई आली.

सकाळची वेळ. दादासाहेबांनी नुकत्याच वाती कापून तबकात मांडल्या होत्या. बत्तीला नवा माणूस अजून मिळाला नव्हता. ओळीनं सहा भोकं ठासून तयार होती आणि आज रामजीनंच बत्ती द्यायची असं आदल्या संध्याकाळी ठरलं होतं. रामजीला चार लेकरं. तो सकाळपासून बाहेरच्या रांजणातलं पाणी पिऊन पिऊन बेजार झाला होता.

बाई दाराशी उभी राहिली. तिशीच्या आतली, उन्हानं रापलेली, कपाळ मोकळं. खांद्यावर घोंगडी.

"बत्तीची जागा खाली हाय म्हनं," ती म्हणाली.

"कुणासाठी?"

"माज्यासाटी. म्या धाकूची बायकू."

रामजी पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून आत आला. दादासाहेब क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, "हे बायकांचं काम नाही, बाई. दगड वाहायला ये, लगेच घेतो."

"का न्हाई? पळता आलं म्हंजी झालं, असं तुमीच ठरवलंय न्हवं? लावा शर्यत."

बाहेर माणसं जमली होती. सगळ्यांदेखत ठरवलेला नियम, दादासाहेबांना मोडता येईना. रामजीनं पायरीवर वात पेटवली. बाईनं घोंगडी माझ्या टेबलावर ठेवली, लुगड्याचा काष्टा घट्ट केला, पदर खोचला आणि खड्ड्यात उतरली. या वेळी कुणी शिट्टी मारली नाही. ज्या पायऱ्यांवर तिचा नवरा पडला त्याच पायऱ्या ती चढत होती, हे सगळ्यांना माहीत होतं. ती वर आली, चिंचेला हात लावला आणि चालत परत आली. पायरीवर वात अजून जळत होती.

मला वाटलं, आता दादासाहेब काहीतरी सबब सांगतील. पण सवय वाईट! तोंडातून प्रश्न निघून गेला.

"आमच्याकडून तुझी काय अपेक्षा?"

"येकच हाय. हिरीची पैली कुदळ मालक मारतो. घराचा पैला दगड मालक बसवतो. आजपासनं ही जागा माजी, तर पैला सुरुंग मालकानं लावायचा. म्होरचे म्या लावीन."

ही आपल्याकडची रीतच आहे, त्यात वावगं काही नव्हतं. दसऱ्याला खाणीची पूजा व्हायची तेव्हा नारळ दादासाहेबच फोडत, काठावर उभं राहून. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "बराबर हाय." मग दुसरा म्हणाला. दादासाहेबांनी माणसांकडे पाहिलं, माणसं त्यांच्याकडे बघत होती.

"एवढंच ना?" ते हसले. "अगं, त्यात काय मोठंसं!"

त्यांनी कोट काढून खुर्चीला लावला. धोतर वर खोचलं. तबकातली एक वात उचलली, रामजीची विडी घेतली आणि दारापर्यंत गेले.

दारातून खड्डा दिसतो. पायऱ्या दिसतात. पावसाचं पाणी अजून झिरपत होतं.

दादासाहेब तिथं उभे राहिले. मग मागे वळले, हातातली वात पुन्हा तबकात ठेवली, जानव्याची किल्ली काढून कपाट उघडलं आणि भेंडोळं बाहेर काढलं. या वेळी विती मोजल्या नाहीत. एक टोक हातात धरून भेंडोळं नुसतं सोडत गेले, सोडत गेले. जमिनीवर वेटोळं पडलं. मग अडकित्ता लावला.

रामजीनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

रूळ वाजला. माणसं बांधाआड गेली. बाई गेली नाही, ती शेडमध्येच माझ्या टेबलापाशी उभी राहिली. दादासाहेब खाली उतरले, एकाच भोकात ती वात सोडली, पेटवली आणि पायऱ्या चढून आले. घाई काही नव्हती. शेडमध्ये येऊन त्यांनी पाय झटकले, कोट घातला, तांब्यातलं पाणी घेतलं. सुरुंग अजून उडायचाच होता. त्यांनी पान लावायला घेतलं. पानाला चुना लागला, कात झाला, सुपारी झाली. बांधाआड कुणीतरी खोकलं.

मग एकदाचा बार झाला. पत्रे थरथरले, कपच्या खाली पडल्या आणि सगळं शांत झालं.

दादासाहेबांनी विडा तोंडात ठेवला. चेहऱ्यावर रंग परत आला होता. "झालं समाधान? पाहिलंस, भिण्यासारखं काही नसतं. आता मोकळेपणानं सांग, बाई. आमच्याकडून आणखी काय अपेक्षा आहेत तुझ्या?"

तिनं तबकातल्या सकाळी कापलेल्या वाती उचलल्या, तळहातावर घेतल्या आणि हात त्यांच्यासमोर धरला.

"आन् ह्या कुनासाटी कापल्या हुत्या, मालक?"